कोलेन्सो प्रकरण आणि अँग्लिकन चर्चमधील अधिकाराचा प्रश्न

१

इंग्लंडच्या चर्चमधून निघालेल्या आणि कालांतराने सर्व खंडांत पसरलेल्या अँग्लिकन पंथात गेली काही दशके जो कलह चालू आहे, त्याचे वर्णन बहुधा ‘परंपरागत शिकवण विरुद्ध आधुनिक विचार’ अशा शब्दांत केले जाते. हे वर्णन चुकीचे नाही, पण ते अपुरे आहे. शिकवणीविषयीचे मतभेद प्रत्येक धर्मसंघात असतात. ते मिटवावयाचे कोणी, ह्या प्रश्नाला जेथे सर्वमान्य उत्तर असते तेथे मतभेद कितीही तीव्र असले तरी त्यांचा शेवट निर्णयात होतो. जेथे असे उत्तर नसते तेथे शिकवणीचा वाद पाहता पाहता अधिकाराचा वाद बनतो, आणि मूळ प्रश्न बाजूला पडून ‘तुम्हांस निवाडा करण्याचा हक्क काय’ हाच प्रश्न शिल्लक राहतो.

अँग्लिकन पंथाच्या बाबतीत हे स्थित्यंतर प्रथम स्पष्टपणे घडले ते दक्षिण आफ्रिकेतील नाताळ वसाहतीत. नाताळचा पहिला बिशप जॉन विल्यम कोलेन्सो (१८१४–१८८३) आणि केपटाउनचा बिशप रॉबर्ट ग्रे (मृत्यू १८७२) ह्या दोघांतील संघर्ष वरवर पाहता एका दूरच्या वसाहतीतील दोन धर्माधिकाऱ्यांचे भांडण होता. परंतु त्यातूनच १८६७ ची पहिली लँबेथ परिषद जन्मास आली, आणि त्या परिषदेने स्वतःवर घालून घेतलेली मर्यादा आजतागायत पंथाच्या घटनेचा कणा होऊन राहिली आहे. ह्या प्रकरणात दोन्ही पक्षांच्या बाजूस खरे काय होते, आणि दोघांनाही आपापले खरे सिद्ध करून का दाखविता आले नाही, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

प्रकरण समजण्यासाठी इंग्लंडच्या चर्चची रचना थोडक्यात ध्यानात घेणे अवश्य आहे. आठव्या हेन्रीच्या काळी, १५३४ मध्ये, पोपचा अधिकार नाकारून राजा हाच चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरविण्यात आला. पुढे १५७१ मध्ये कायद्याने बंधनकारक झालेली एकोणचाळीस कलमे आणि १६६२ चे सामान्य प्रार्थनापुस्तक ही शिकवणीची प्रमाणे मानली गेली. ही प्रमाणे राज्याच्या कायद्याचाही भाग असल्यामुळे त्यांच्या अर्थाविषयी वाद उपस्थित झाला, तर अखेरचा निवाडा राजाच्या न्यायासनापुढे होणे क्रमप्राप्त होते. १८३३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलची न्यायिक समिती स्थापन झाल्यावर हे काम तिच्याकडे आले.

१८५० मध्ये गोऱ्हॅम नावाच्या धर्मोपदेशकाच्या खटल्यात ह्या व्यवस्थेतील विसंगती सर्वांच्या डोळ्यांवर आली. बाप्तिस्म्याविषयीची त्याची मते शास्त्रविरुद्ध आहेत, असे म्हणून त्याच्या बिशपने त्याला नेमणूक नाकारली होती. प्रिव्ही कौन्सिलने बिशपविरुद्ध निर्णय दिला. ऑक्सफर्ड चळवळीच्या अनुयायांस हा निर्णय असह्य वाटला. ज्या समितीत बहुसंख्य सभासद कायदेपंडित आहेत तिने संस्कारांचा अर्थ सांगावा, हा त्यांच्या मते चर्चच्या दैवी स्वरूपाचाच अव्हेर होता. हेन्री मॅनिंग ह्याच्यासारखे काही लोक १८५१ मध्ये रोमन चर्चमध्ये गेले. जे राहिले त्यांनी राजसत्तेपासून मुक्त अशा धर्माधिकाराचा शोध सुरू केला. रॉबर्ट ग्रे हा ह्याच विचारसरणीचा मनुष्य होता.

वसाहतींत परिस्थिती अधिक गुंतागुंतीची होती. तेथे चर्च राज्याचे अंग नव्हते, पण बिशपांच्या नेमणुका मात्र राजाच्या सनदेने होत. कलकत्त्याचे बिशपपद १८१३ च्या पार्लमेंटच्या कायद्यान्वये, आणि मद्रास व मुंबई ही १८३३ च्या कायद्यान्वये निर्माण झाली. म्हणजे हिंदुस्थानातील बिशपांच्या अधिकारास कायद्याचा आधार होता. केपटाउनच्या पदास असा आधार नव्हता. १८४७ मध्ये ग्रेची तेथे नेमणूक झाली ती केवळ राणीच्या सनदेवर. हा भेद त्या वेळी कोणास फारसा महत्त्वाचा वाटला नाही.

३

कोलेन्सो हा कॉर्नवॉलमधील सेंट ऑस्टेल येथील. केंब्रिजच्या सेंट जॉन्स कॉलेजातून तो १८३६ मध्ये दुसरा रँग्लर झाला. महाराष्ट्रातील वाचकांस ‘रँग्लर’ हा शब्द रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे ह्यांच्यामुळे परिचित आहे, आणि परांजपेही ह्याच कॉलेजचे विद्यार्थी होते. हॅरो येथे गणित शिकवून आणि अंकगणित व बीजगणितावरील लोकप्रिय पाठ्यपुस्तके लिहून कोलेन्सोने नाव मिळविले. पुढे नॉरफोकमधील एका खेडेगावी धर्मोपदेशकाचे काम केल्यावर ३० नोव्हेंबर १८५३ रोजी त्याला नाताळचा बिशप म्हणून अभिषेक झाला. त्याची निवड करण्यात ग्रेचाच पुढाकार होता, ही गोष्ट नंतरच्या इतिहासाच्या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

नाताळात कोलेन्सोने झुलू भाषा शिकून तिचे व्याकरण लिहिले आणि झुलू–इंग्रजी कोश तयार केला. पीटरमारित्झबर्गजवळ ‘एकुखान्येनी’, म्हणजे ‘प्रकाशाचे स्थान’, ह्या नावाचे मिशन त्याने उभारले. झुलू लोक त्याला ‘सोबांतू’, म्हणजे ‘लोकांचा पिता’, असे म्हणू लागले. त्याच्या मतांत जो पालट झाला तो ग्रंथालयात बसून झालेला नाही. जे लोक ख्रिस्ती होऊ पाहत होते त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना तो झाला.

पहिला प्रश्न विवाहाचा होता. अनेक पत्नी असलेला मनुष्य बाप्तिस्मा मागू लागला, तर एक ठेवून बाकीच्या स्त्रियांस घराबाहेर काढण्याची अट मिशनरी घालीत. १८५५ मध्ये कोलेन्सोने एका पुस्तिकेत हिला विरोध केला. अशा स्त्रियांना व त्यांच्या मुलांना निराधार करणे हा बहुपत्नीत्वाहून मोठा अन्याय आहे, असे त्याचे म्हणणे होते. दुसरा प्रश्न पूर्वजांच्या गतीचा होता. ख्रिस्ताचे नावही न ऐकता मेलेले आपले आईबाप चिरंतन यातना भोगीत आहेत काय, ह्या प्रश्नास होकारार्थी उत्तर देणे त्याच्या विवेकास पटेना. १८६१ मध्ये पौलाच्या रोमकरांस पत्रावर त्याने जे विवरण प्रसिद्ध केले त्यात ईश्वराची कृपा सर्व मानवांना लाभलेली आहे, असे प्रतिपादन करून सार्वकालिक शिक्षेची रूढ कल्पना त्याने नाकारली.

तिसरा प्रश्न विल्यम न्गिदी ह्या त्याच्या झुलू सहकाऱ्याने विचारला. पवित्र शास्त्राच्या भाषांतरात नोहाच्या तारवाची कथा आली असता, हे सर्व खरोखरच घडले काय, असे त्याने विचारले. कोलेन्सोला ‘होय’ म्हणवेना. मोशेच्या ग्रंथांतील संख्या तो गणितज्ञाच्या दृष्टीने तपासू लागला. युद्धास योग्य असे पुरुष ६,०३,५५० असतील तर एकूण लोकसंख्या वीस लाखांवर जाते. एवढा समुदाय निवासमंडपाच्या दारापाशी उभा कसा राहिला? प्रथमजात पुत्र जर केवळ २२,२७३ असतील, तर प्रत्येक मातेस सरासरीने चाळीसच्या आसपास पुत्र मानावे लागतात. अशा हिशेबांनी भरलेला ‘पंचग्रंथ आणि यहोशवाचे पुस्तक ह्यांचे चिकित्सक परीक्षण’ ह्या ग्रंथाचा पहिला भाग १८६२ च्या ऑक्टोबरात लंडनला प्रसिद्ध झाला. सातवा व अखेरचा भाग १८७९ मध्ये निघाला.

जर्मन पंडितांनी ह्याहून पुढची अनुमाने पूर्वीच काढली होती. पण येथे बोलणारा मनुष्य बिशप होता, आणि तो सामान्य वाचकास समजेल अशा बेरीज-गुणाकाराच्या भाषेत बोलत होता. ‘एसेज अँड रिव्ह्यूज’ (१८६०) ह्या संग्रहाने उठविलेले वादळ अद्याप शमले नव्हते. त्यात ह्या ग्रंथाची भर पडली. बहुसंख्य बिशपांनी त्याला राजीनामा देण्याविषयी लिहिले. त्याने तो दिला नाही.

४

१८६३ च्या नोव्हेंबरात ग्रेने केपटाउन येथे कोलेन्सोची चौकशी चालविली. ग्रॅहॅम्सटाउन व ऑरेंज फ्री स्टेट येथील बिशप त्याच्यासोबत न्यायासनावर बसले. आरोप नऊ होते. ख्रिस्ताच्या प्रायश्चित्ताविषयीची मते, शास्त्राच्या ईश्वरप्रेरित स्वरूपाविषयीची मते, सार्वकालिक शिक्षेचा नकार इत्यादींचा त्यांत अंतर्भाव होता. कोलेन्सो त्या वेळी इंग्लंडात होता. त्याच्या वतीने भाषाशास्त्रज्ञ विल्हेल्म ब्लेक ह्याने उपस्थित राहून न्यायासनाचा अधिकारच मान्य नसल्याचा लेखी निषेध नोंदविला. १६ डिसेंबर रोजी ग्रेने कोलेन्सोला पदच्युत केल्याचा निर्णय दिला आणि मते मागे घेण्यास चार महिन्यांची मुदत दिली.

ग्रेच्या भूमिकेला केवळ कर्मठपणा म्हणून बाजूस सारणे इतिहासाला धरून होणार नाही. त्याचा युक्तिवाद असा होता: वसाहतीतील चर्चला राज्याचा आश्रय नाही, तेव्हा राज्याचे बंधनही नसावे. प्राचीन चर्चमध्ये प्रांताचा प्रमुख बिशप आणि त्याचे सहकारी बिशप मिळून शिकवणीचा निवाडा करीत असत. तोच अधिकार आज वापरला पाहिजे. बिशपने अभिषेकाच्या वेळी ज्या श्रद्धेचे रक्षण करण्याची शपथ घेतली तीच तो नाकारू लागला, तर त्याच्या कळपाने कोणाकडे पाहावे? निवाड्यावरील अपील प्रिव्ही कौन्सिलकडे नेता येईल हे त्याने मान्य केले नाही. कँटरबरीच्या आर्चबिशपकडे, तेही त्याच्या व्यक्तिगत अधिकारात, दाद मागण्याची मात्र त्याने मुभा ठेवली. राजसत्तेपासून स्वतंत्र अशा चर्चची ही सुसंगत कल्पना होती.

उलटपक्षी कोलेन्सोची भूमिकाही तितकीच सुसंगत होती. आपण इंग्लंडच्या चर्चचे बिशप आहोत आणि इंग्लंडच्या चर्चचा कायदा हीच आपल्या स्वातंत्र्याची ढाल आहे, असे तो मानी. कायद्याने जी मते निषिद्ध ठरविलेली नाहीत ती बाळगण्याचा हक्क इंग्लंडमधील लहानशा खेड्यातील उपदेशकास आहे. मग तोच हक्क वसाहतीतील बिशपला का नसावा? फेब्रुवारी १८६४ मध्ये ‘एसेज अँड रिव्ह्यूज’च्या दोन लेखकांना प्रिव्ही कौन्सिलने दोषमुक्त केल्यामुळे ह्या युक्तिवादास बळ आले. तीन बिशपांच्या न्यायासनापेक्षा कायदेपंडितांचे न्यायासन त्याला अधिक सुरक्षित वाटले. येथे एक विलक्षण विरोधाभास दृष्टीस पडतो. चर्चच्या स्वातंत्र्याचा कैवारी विचारस्वातंत्र्याच्या विरुद्ध उभा होता, आणि विचारस्वातंत्र्याचा कैवारी राजसत्तेच्या आश्रयास गेला होता.

५

२० मार्च १८६५ रोजी लॉर्ड चॅन्सेलर वेस्टबरी ह्याने प्रिव्ही कौन्सिलचा निर्णय वाचून दाखविला. त्यात कोलेन्सोची मते शास्त्रशुद्ध आहेत किंवा नाहीत ह्याविषयी एक अक्षरही नव्हते. स्वतंत्र विधिमंडळ प्राप्त झालेल्या वसाहतीत केवळ सनदेच्या बळावर सक्तीचा धर्माधिकार निर्माण करण्याची शक्ती राजाला नाही. म्हणून ग्रेला कोलेन्सोवर कायदेशीर अधिकार कधीच नव्हता आणि पदच्युतीचा निर्णय निरर्थक आहे, असा त्याचा आशय होता. तारखांचाही त्यात विचार झाला. कोलेन्सोची सनद २३ नोव्हेंबर १८५३ ची होती. ग्रेला प्रांतप्रमुख करणारी सनद ८ डिसेंबरची, म्हणजे नंतरची होती. कोलेन्सोने ग्रेच्या आज्ञापालनाची शपथ घेतली होती हे खरे. परंतु कायद्याने जो अधिकार नाही तो शपथेने उत्पन्न होत नाही, असे समितीने ठरविले.

कोलेन्सोचा हा विजय होता, पण तो दुधारी होता. ज्या सनदेने ग्रेला अधिकार मिळाला नाही तशाच सनदेवर कोलेन्सोचेही पद उभे होते. दोन वर्षांपूर्वी, १८६३ मध्ये, लाँग नावाच्या उपदेशकाने ग्रेविरुद्ध चालविलेल्या खटल्यात त्याच समितीने असे म्हटले होते की, जेथे चर्च राज्याने प्रस्थापित केलेले नाही तेथे ते इतर कोणत्याही स्वेच्छामंडळासारखे आहे. त्याच्या सभासदांना त्यांनी आपण होऊन मान्य केलेले नियमच काय ते बांधतात. ह्या दोन निर्णयांनी वसाहतींतील अँग्लिकन चर्चला एकाच वेळी मुक्त केले आणि उघड्यावर आणले. त्याने स्वतःची घटना स्वतः करावी, हाच त्यांचा अनिवार्य निष्कर्ष होता.

१८६५ च्या अखेरीस कोलेन्सो नाताळला परतला. ग्रेने त्याला बहिष्कृत केल्याचे जाहीर केले आणि १८६६ च्या जानेवारीत तो बहिष्काराचा आदेश पीटरमारित्झबर्गच्या कॅथीड्रलमध्ये वाचण्यात आला. वसाहती बिशपनिधीच्या विश्वस्तांनी, ज्यांत ग्लॅडस्टनही होता, त्याचे वेतन थांबविले. न्यायाधीश रोमिली ह्याने त्याच वर्षी ते पुन्हा चालू करण्याचा हुकूम दिला. कॅथीड्रल व चर्चची मालमत्ता कोर्टांनी कोलेन्सोच्या ताब्यात दिली. त्याच्या विरोधकांनी डीन जेम्स ग्रीनच्या नेतृत्वाखाली दुसरे उपासनामंदिर बांधले. २५ जानेवारी १८६९ रोजी केपटाउन येथे विल्यम मॅक्रोरी ह्याला अभिषेक झाला, तो ‘नाताळचा बिशप’ म्हणून नव्हे, तर ‘मारित्झबर्गचा बिशप’ म्हणून. कारण पहिली पदवी कायद्याने कोलेन्सोची होती. एका लहान वसाहतीत एकाच पंथाचे दोन बिशप, दोन कॅथीड्रल आणि दोन समाज अशी स्थिती झाली.

६

नाताळातील ह्या घटनांचा धक्का सर्वांत आधी बसला तो कॅनडात. वसाहतींतील चर्चचा इंग्लंडशी असलेला कायदेशीर दुवा इतका दुर्बळ असेल, तर सर्वांना एकत्र बांधणारे काय राहिले, अशी चिंता तेथे उत्पन्न झाली. १८६५ च्या सप्टेंबरात कॅनडाच्या प्रांतीय सिनडने कँटरबरीचा आर्चबिशप चार्ल्स लाँग्ली ह्याला विनंती केली की, त्याने सर्व अँग्लिकन बिशपांची सभा बोलवावी. त्याप्रमाणे २४ ते २८ सप्टेंबर १८६७ ह्या काळात लंडनमधील लँबेथ राजवाड्यात परिषद भरली. १४४ बिशपांना निमंत्रणे होती, ७६ आले. कोलेन्सोला निमंत्रण नव्हते. यॉर्कचा आर्चबिशप थॉमसन आणि इतर काही बिशप आले नाहीत. अशी सभा म्हणजे पार्लमेंटच्या व राणीच्या संमतीवाचून उभारलेले बेकायदेशीर धर्मन्यायासन होईल, अशी त्यांस भीती होती. वेस्टमिन्स्टरचा डीन स्टॅन्ली ह्याने समारोपाच्या उपासनेसाठी आपले मंदिर देण्याचे नाकारले.

ही भीती ओळखूनच लाँग्लीने सुरुवातीसच स्पष्ट केले होते की, ही सभा म्हणजे सर्वसाधारण धर्मपरिषद नव्हे. ती शिकवणीविषयी निर्णय देणार नाही, नियम करणार नाही. बिशप एकत्र येतील, प्रार्थना करतील, विचारविनिमय करतील. कोलेन्सोच्या प्रश्नाचा उल्लेख कार्यक्रमात नव्हता. ग्रेच्या आग्रहाने तो पुढे आला. परिषदेने नाताळातील परिस्थितीमुळे सर्व अँग्लिकन समाजाला इजा पोहोचत असल्याचे मान्य केले आणि एक समिती नेमली. पदच्युतीचा निर्णय धार्मिक दृष्ट्या वैध आहे, असे परिषदेने ठरावाने म्हटले नाही. अनेक बिशपांनी परिषदेबाहेर तसे निवेदन स्वाक्षरीनिशी केले, ह्यावरच ग्रेला समाधान मानावे लागले.

अशा रीतीने, एका निवाड्याच्या निकडीतून जन्मलेल्या संस्थेने निवाडा न करण्याच्या अटीवर आपले अस्तित्व मिळविले. ह्या अटीला दुबळेपणा म्हणता येईल. परंतु ही अट नसती तर निम्मे निमंत्रितही आले नसते, हेही तितकेच खरे आहे. पुढच्या परिषदांनी हीच वाट धरली. १९३० च्या परिषदेने तर ती तत्त्वाच्या पदवीस चढविली. अँग्लिकन चर्चे कोणत्याही मध्यवर्ती विधायक वा कार्यकारी सत्तेने बांधलेली नसून बिशपांच्या सामुदायिक विचारविनिमयातून टिकणाऱ्या परस्परनिष्ठेने ती बांधलेली आहेत, अशा आशयाची व्याख्या तिने केली.

ग्रेने मात्र आपली वाट काढली. १८७० मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या प्रांतीय चर्चची घटना तयार झाली. तिच्या तिसऱ्या उपबंधाने प्रिव्ही कौन्सिलसारख्या न्यायासनांचे शिकवणीविषयक अर्थ आपणांस बंधनकारक नाहीत, असे जाहीर केले. १८८२ मध्ये मेरिमन विरुद्ध विल्यम्स ह्या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने त्याचा तर्कशुद्ध परिणाम दाखवून दिला: असे चर्च कायद्याच्या दृष्टीने इंग्लंडच्या चर्चचा भाग राहत नाही. ग्रेला हवे असलेले स्वातंत्र्य मिळाले. ऐक्याचा कायदेशीर पाया मात्र त्याच घटकेस नाहीसा झाला.

७

हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्चने हाच मार्ग पुढे निराळ्या रीतीने आक्रमिला. येथील बिशपपदे पार्लमेंटच्या कायद्याने निर्माण झाली असल्यामुळे ती तोडण्यासही कायदाच लागला. १९२७ च्या कायद्याने राज्याशी असलेला संबंध संपविण्याची तरतूद झाली आणि १९३० पासून ‘चर्च ऑफ इंडिया, बर्मा अँड सिलोन’ स्वायत्त झाले. नाताळात जे फुटीतून घडले ते येथे वाटाघाटींतून घडले. ह्या स्वायत्ततेमुळेच पुढची पावले शक्य झाली. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रास येथे अँग्लिकन व इतर प्रॉटेस्टंट समाज मिळून चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाले. ज्या उपदेशकांना बिशपांच्या हातून दीक्षा मिळालेली नव्हती त्यांनाही त्यात स्थान मिळाल्यामुळे इंग्लंडमधील परंपरावादी पक्षाने त्यास कडवा विरोध केला, आणि १९४८ च्या लँबेथ परिषदेत ह्या चर्चमध्ये नव्याने दीक्षित झालेल्यांच्या दर्जाविषयी मतैक्य होऊ शकले नाही. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले आणि मुंबईचा जुना धर्मप्रांतही त्यात समाविष्ट झाला. महाराष्ट्रातील अँग्लिकन परंपरा आज ह्या संयुक्त चर्चमध्ये सामावलेली आहे.

८

कोलेन्सोच्या उत्तरायुष्याचा येथे उल्लेख करणे अवश्य आहे. कारण त्याच्या धर्ममतांचा आणि आचरणाचा संबंध त्यावरून दिसतो. १८७४ मध्ये हुलुबी जमातीचा प्रमुख लांगालिबालेले ह्याच्यावर वसाहत सरकारने जो खटला चालविला त्यातील अन्याय कोलेन्सोने उघडकीस आणला. त्यासाठी तो १८७४ मध्ये इंग्लंडलाही गेला, आणि थिओफिलस शेपस्टन ह्या आपल्या जुन्या स्नेह्यास दुरावला. १८७९ मध्ये इसांडल्वाना येथे इंग्रज सैन्याचा संहार झाल्यावर गोरी वसाहत सूडाच्या भावनेने पेटली असता, त्याने मीखा संदेष्ट्याच्या वचनावर प्रवचन करून ह्या युद्धातील न्यायबुद्धीविषयी प्रश्न विचारला. पाखंडी मतांच्या काळातही ज्या गोऱ्या वसाहतकऱ्यांनी त्याला पाठिंबा दिला होता त्यांतील बहुतेकांनी आता त्याची साथ सोडली. २० जून १८८३ रोजी तो वारला. मॅक्रोरीने १८९१ मध्ये राजीनामा दिल्यावर, १८९३ मध्ये आलेल्या बेन्स ह्या एकाच बिशपाच्या हाताखाली नाताळातील बहुतेक समाज एकत्र आला. जे त्यात आले नाहीत अशा काही मंडळ्यांतून १९३८ मध्ये ‘चर्च ऑफ इंग्लंड इन साउथ आफ्रिका’ ही संस्था संघटित झाली. कोलेन्सोच्या कायदेशीर भूमिकेचा वारसा सांगणारी ही संस्था शिकवणीच्या बाबतीत मात्र कट्टर शास्त्रप्रामाण्यवादी निघाली.

बहुपत्नीत्वाच्या प्रश्नाचे पुढे काय झाले, हेही उद्बोधक आहे. १८८८ च्या लँबेथ परिषदेने बहुपत्नीक पुरुषास बाप्तिस्मा देऊ नये, असा ठराव केला. शंभर वर्षांनी, १९८८ च्या परिषदेने, एकपत्नीत्वाचा आदर्श कायम ठेवून, काही अटींवर अशा पुरुषास त्याच्या पत्नींसह व मुलांसह स्वीकारण्यास मान्यता दिली, कारण अन्यथा त्या स्त्रियांची होणारी आबाळ परिषदेस पटली. कोलेन्सोने १८५५ मध्ये दिलेले कारण तेच होते. त्याच्या आणि १९८८ च्या परिषदेच्या मध्ये जे घडले ते म्हणजे आफ्रिकेतील चर्चांना परिषदेत स्वतःचा आवाज प्राप्त झाला.

९

विसाव्या शतकाच्या अखेरीस जुना प्रश्न नव्या विषयावरून उभा राहिला. १९९८ च्या लँबेथ परिषदेने समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत असल्याचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी संमत केला. ४५ जण तटस्थ राहिले. तरीही २००३ मध्ये अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर येथे समलिंगी संबंधात राहणाऱ्या जीन रॉबिन्सन ह्यांस बिशप म्हणून अभिषेक झाला. ठराव झाला होता, पण तो कोणास बांधीत नव्हता. २००४ च्या विंडसर अहवालाने सर्व चर्चांनी परस्परकरार करावा असे सुचविले. त्या कराराचा मसुदा २०१२ मध्ये इंग्लंडमधील बहुसंख्य धर्मप्रांतांनीच फेटाळला. २००८ मध्ये परंपरावाद्यांनी जेरुसलेम येथे ‘गॅफकॉन’ ही स्वतंत्र परिषद भरविली. २०२३ च्या फेब्रुवारीत इंग्लंडच्या चर्चच्या सर्वसाधारण सिनडने समलिंगी जोडप्यांसाठी आशीर्वादाच्या प्रार्थनांचे स्वागत केले, तेव्हा आफ्रिका-आशियातील अनेक चर्चप्रमुखांनी कँटरबरीच्या आर्चबिशपचे अग्रस्थान आपण मानीत नसल्याचे जाहीर केले. ३ ऑक्टोबर २०२५ रोजी सारा मुलाली ह्यांची त्या पदासाठी निवड झाल्याचे घोषित झाले. ह्या पदासाठी एका स्त्रीची निवड प्रथमच झाली होती. त्याच महिन्यात गॅफकॉनने कँटरबरीकेंद्रित संस्था अमान्य करून पंथाची नवी मांडणी करीत असल्याचे निवेदन काढले.

ह्या घटनांत १८६० च्या दशकातील युक्तिवाद जवळजवळ जसेच्या तसे पुन्हा ऐकू येतात. समान श्रद्धेवाचून ऐक्य म्हणजे केवळ नाव, हे ग्रेचे म्हणणे गॅफकॉनच्या बाजूने मांडले जाते. प्रत्येक चर्चने आपल्या विवेकाप्रमाणे आणि आपल्या कायद्याप्रमाणे निर्णय घ्यावा, हे कोलेन्सोच्या वकिलांचे म्हणणे अमेरिका व इंग्लंडमधून मांडले जाते. फरक आहे तो बोलणाऱ्यांच्या स्थानांत. १८६३ मध्ये न्यायासनावर बसलेले, आरोप करणारे आणि आरोपी हे सर्वच इंग्रज होते. ज्या झुलू मनुष्याच्या प्रश्नापासून वादाला तोंड फुटले त्याला त्या सभागृहात जागा नव्हती. आता आफ्रिकी बिशप स्वतः निवाडा मागत आहेत.

कोलेन्सो प्रकरणाचा निष्कर्ष म्हणून एवढे म्हणता येते. ग्रेला चर्चच्या अधिकाराचे महत्त्व कळले होते, पण चुकणाऱ्या अधिकारावर अंकुश कोणता, ह्याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. कोलेन्सोला विवेकाच्या स्वातंत्र्याचे महत्त्व कळले होते, पण ते राखण्यासाठी परक्या सत्तेच्या न्यायासनाखेरीज दुसरा आधार त्याला सापडला नाही. लाँग्लीने दोघांपैकी कोणालाही विजयी होऊ दिले नाही आणि त्यामुळे पंथ दीडशे वर्षांहून अधिक काळ एकत्र राहिला. निर्णय पुढे ढकलण्याची ही कला जोपर्यंत सर्व पक्ष एकमेकांच्या सद्भावावर विश्वास ठेवीत होते तोपर्यंतच उपयोगी पडली. १९३० च्या परिषदेने ज्या परस्परनिष्ठेचा उल्लेख केला ती कोणत्याही ठरावाने निर्माण करता येत नाही, आणि ती नाहीशी झाल्यावर कोणत्याही कायद्याने तिची जागा भरून काढता येत नाही, हे नाताळच्या दोन कॅथीड्रलांनी १८६९ मध्येच दाखवून दिले होते.